लऊळचा मुक्काम

वारकरी मायबापहो, मुक्ताईनगराहून आदिशक्ती मुक्ताईची पालखी पंढरीस निघते, आणि आमचा खानदेशचा वारकरी महिनाभर उन्हापावसात चालतो. वाटेत एखादा चाळिशीचा टाळकरी चढावर छातीला हात लावून मटकन खाली बसतो. लगेच कुणी म्हणते, "याचे संचित आडवे आले!" आज त्या बोलण्याचाच समाचार घ्यावयाचा आहे.

हृदय साऱ्या देहास रक्त पुरविते. त्याचे स्वतःचे पोषण मात्र महारोहिणीच्या मुळाशी फुटणाऱ्या दोन बारीक रोहिण्या करतात. शंभरांत सुमारे एकाच्या या रोहिण्या जन्मतःच निराळ्या असतात. कुणाला एकच असते, कुणाची भलत्या जागेवरून निघते. बहुतेकांना त्याची जन्मभर बाधा होत नाही. पण एखाद्याची रोहिणी दोन थोर वाहिन्यांच्या मधून गेलेली असते. मोठे श्रम झाले की तिच्यातून रक्त पुरेनासे होते. बसल्या जागी काढलेला कार्डिओग्राम तर चांगलाही येतो!

अमेरिकेत पीट मॅराविच नावाचा बास्केटबॉलचा नामांकित खेळाडू होता. दहा वर्षे तो व्यावसायिक खेळ खेळला. ५ जानेवारी १९८८ रोजी, वयाच्या ४० व्या वर्षी, खेळाच्या मैदानावरच कोसळून गेला. मागाहून पाहतात तो डावी रोहिणी जन्मापासून नव्हतीच. "वीस वाऱ्या झाल्या, मला काय होते?" म्हणणाऱ्याने हे ऐकून ठेवावे.

आता यात पाप कुणाचे? गर्भात हृदय घडताना ती वाट तशी पडली, इतकेच. कर्मसिद्धांत मी नाकारीत नाही. शास्त्र पढलो आहे. पण कर्माचा हिशेब ज्याने त्याने आपल्यापुरता करावा. दुसऱ्याच्या छातीत कळ आली असता तो मांडणे म्हणजे निष्ठुरपणा. त्या लाजेने माणूस दुखणे लपवितो आणि जिवास मुकतो.

तेव्हा चढावर छाती आवळली, चालता चालता शुद्ध हरपली, तर थांबा. विणेकऱ्यास सांगा, डॉक्टरास दाखवा. घरात कुणी तरुणपणी अकस्मात गेले असेल तर तेही बोला. सी.टी. अँजिओग्राफीत रोहिणीची वाट दिसते. मग कुणाला औषध, कुणाला शस्त्रक्रिया, कुणाला नुसते जपून राहणे.

"पण महाराज, वारी चुकेल ना!"

अहो, पैठणचा कूर्मदास आठवा. जन्मतःच हातपाय नाहीत; कीर्तनात पंढरीचा महिमा ऐकला आणि गडी लोळत निघाला. लऊळपर्यंत आला, पुढे देह चालेना. एकादशी तोंडावर आलेली. त्याने जाणाऱ्या वारकऱ्यांबरोबर निरोप धाडला आणि तिथेच थांबला. मग पांडुरंगच पंढरी सोडून लऊळला आला.