शटर वर गेलं

कुंडलच्या आमच्या घरी गाडीच्या खोलीचं शटर आठवडाभर अर्ध्यावर अडत होतं. काल मुलीला हाताशी घेऊन बसलो. दोन्ही बाजूंच्या उभ्या पट्ट्यांच्या खाचेत माती आणि उसाच्या पाचटाचा चुरा घट्ट बसलेला. तो खरवडून काढला, वाकलेली पत्र्याची पट्टी फळीचा आधार देऊन हलक्या हाताने ठोकली, वंगण दिलं. वरच्या स्प्रिंगला मात्र हात लावला नाही. शटरचं वजन तीच पेलते. ताणलेली स्प्रिंग सुटली तर हात मोडेल. ते मिस्त्रीचंच काम.

ठोकता ठोकता तिला उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांबद्दल सांगितलं. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केलेला हा माणूस, औंधच्या राजांनी दिलेल्या आपल्या शेजारच्या ओसाड माळावर १९१० साली कारखाना घेऊन आला. तिथे वसलेल्या किर्लोस्करवाडीच्या स्टेशनाचं नाव तेव्हा कुंडल रोड होतं! मला या गोष्टीचा आजही फार अभिमान वाटतो.

काळे हात पुसत ती म्हणाली, "बाबा, आता मी उघडू?"

एका हाताने शटर वर गेलं.