छातीवरची तुळस

हे पांडुरंगा, आज मागणं थोडं आहे आणि सांगणं जास्त. दुखण्यात तुझ्यापुढे पुष्कळ रडले. आता आनंदात आहे, तेही तुला सांगायला हवं.

माझ्या छातीच्या डाव्या बाजूला, शस्त्रक्रियेनंतर जिथे नुसता आडवा व्रण उरला होता, तिथे मी तुळस गोंदवून घेतली आहे. व्रण लपवलेला नाही. तोच वृंदावनाचा कठडा झाला आहे. वर दोन डहाळ्या आणि मंजिऱ्या. रोज आंघोळीनंतर आरशासमोर उभी राहते आणि नजर चुकवत नाही. देवा, हे केवढं मोठं आहे ते तुला ठाऊक आहे.

ही तुळस माझ्या आजीच्या हातावरची. जत्रेत गोंदणारणीने काजळात सुया बुडवून ती काढली, तेव्हा आजी परकरी पोर होती. तिला कुणी विचारलं नाही. बायकांनी धरून बसवलं. पुढे मात्र ती म्हणायची, ‘दागिने काढून घेतील, हे कोण काढून घेईल?’ मरताना सोबत येतं ते गोंदणच, अशी तिची खात्री होती. तिला न विचारता जे मिळालं, ते मला स्वतः ठरवून घेता आलं, याबद्दल मी तुझी ऋणी आहे. आजीसारखी हातावर घ्यावी, तर काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला सुई लावू नका, हात सुजेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दुसरा हात मोकळा होता, पण ओसाड पडलं होतं तिथेच तुळस लावावी, असं मनाने घेतलं.

किरणोपचारांच्या वेळीही माझ्या अंगावर शाईचे बारीक ठिपके गोंदले होते, यंत्राचा झोत रोज नेमका त्याच जागी पडावा म्हणून. त्याची तक्रार नाही. त्या उपचारांनीच मला वाचवलं. पण त्या काळात माझ्या शरीराबद्दलचं सगळं रिपोर्ट ठरवत होते. ही तुळस मी ठरवली. मधला एक ठिपका आता तिच्या मंजिरीत आहे.

ज्या पोराने ती काढली, त्याच्या हाताला यश दे. व्रण पुरता भरेपर्यंत, डॉक्टरांनी होकार देईपर्यंत त्याने मला थांबवलं. नवी सुई माझ्यासमोर उघडली. व्रणावरची कातडी बधिर, तिथे सुई कळतच नव्हती. बधिरपणा संपला तिथे अशी झोंबली की डोळ्यांत पाणी आलं. आपल्याला अजून दुखतं, याचा आनंद मला त्या दिवशी झाला.

विठ्ठला, तुझी करणी किती विचित्र! गोंदलेली शाई कातडीतल्या पेशी गिळून धरतात. त्या मेल्या की शाई सुटते आणि नव्या पेशी ती पुन्हा उचलतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी 2018 साली उंदरांवर हे दाखवून दिलं. मरायचं विसरलेल्या पेशींनी माझा घात केला आणि मरतामरता आपला ठेवा पुढचीच्या हाती देणाऱ्या पेशी माझी तुळस राखतील. एकाच देहात तू दोन्ही ठेवलंस. पहिलीचा राग अजून गेलेला नाही. दुसरीपुढे हात जोडते.

तुझ्याही छातीवर खूण आहे. भृगूने लाथ मारली, तर तू त्याच्याच पायाला लागलं का म्हणून विचारलंस. पंढरीच्या तुझ्या मूर्तीवर ते श्रीवत्सलांछन आजही आहे. लहानपणी ही गोष्ट मी क्षमेची म्हणून ऐकली. तुझ्यासारखी क्षमा मला जमत नाही. आजाराला क्षमा करायची तरी कशी? पण घाव घालणारा दुसरा असला, तरी त्या जागेचं भूषण करायचं की नाही हे तू ठरवलंस, एवढं मला आता दिसतं. तेवढंच मी तुझ्याकडून घेतलं.

आता मागणं. ही तुळस म्हणजे ताईत नव्हे, याचं भान राहू दे. तपासणीची तारीख मला चुकवू देऊ नकोस. ‘या वयात हे कसलं थेर?’ म्हणणाऱ्या मावशीशी भांडण नको. तिला एकदा हात लावून पाहावंसं वाटू दे. ज्यांच्या अंगावर कुणी बळजबरीने गोंदलं, त्यांचं दुःख माझ्या आनंदात मला विसरू देऊ नकोस.

आणि उद्या जी शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाईल, तिच्या उशाशी उभा राहा. व्रण भरल्यावर तिला फुलं गोंदवावीशी वाटली, तर घरच्यांना समजूत दे. काहीच नको वाटलं, तर नुसत्या व्रणासकट तिला आपलं अंग आपलं वाटू दे.

रामकृष्ण हरी.