लोहगडाचे चार दरवाजे

पायऱ्या चढून गणेश दरवाज्यापाशी आलात की थांबा. सावलीला टेका. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बुडाशी ठेवा. मोजू नका. श्वासही रोखू नका, दम लागला असेल तर लागू दे.

नाडी लागली?

गडाला एकामागून एक चार दरवाजे आहेत: गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. छातीतही चार झडपा. अंगभर फिरून दमलेलं रक्त पहिलीतून उजव्या खालच्या कप्प्यात उतरतं, दुसरीतून फुफ्फुसांकडे जातं. नारायण दरवाज्याजवळच्या भुयारात भात-नाचणी साठवत असत. रक्तालाही दुसरं दार ओलांडल्यावरच शिदोरी मिळते, हवेची. मग तिसरं दार, आणि चौथ्यातून महाधमनीत. (माझ्या मनात चौथीचं नाव महादरवाजाच आहे.)

आता कान आत वळवा. लब-डब, लब-डब. हा आवाज दारं उघडण्याचा नाही, मिटण्याचा आहे. निरोगी झडप उघडताना गप्प असते. ‘लब’ला पहिली आणि तिसरी मिटते, ‘डब’ला दुसरी आणि चौथी. दिवसाला लाखभर वेळा. पुढे गेलेलं रक्त मागे फिरू नये, एवढंच त्यांचं काम. इथे रेंगाळा. घाई नाही.

दार बिघडतं ते दोन तऱ्हांनी. नीट उघडत नाही, किंवा नीट मिटत नाही. तिसरं दार धडधाकट माणसात चार चौरस सेंटिमीटर किंवा थोडं जास्तच उघडतं. दीडवर आलं की दुखणं गंभीर. त्याचं मूळ पुष्कळदा बालपणात सापडतं. घसा धरला, ताप आला, सांधे सुजले, उतरले, घर विसरून गेलं. पण जंतूंशी लढणारी शरीराची फौज झडपेवरही उलटलेली असते, आणि वर्षानुवर्षं पाकळ्या एकमेकींना चिकटत जातात. कित्येक बायकांना हे कळतं ते गरोदरपणी, अंगात रक्त वाढतं तेव्हा. चौथं दार बहुधा उतारवयात कॅल्शियम साचून ताठरतं. मग चढावर छाती आवळते, भोवळ येते. आपल्याकडे या सगळ्याला ‘ब्लॉकेज’ म्हणून मोकळे होतात. ब्लॉकेज हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांत असतं; ती तक्रार निराळी.

बोटं मनगटावरच असू द्या. एक ओळखीचं माणूस आठवा. मागच्या पावसाळ्यात तुमच्याबरोबर वरपर्यंत आलेली मावशी असेल. यंदा पहिल्या वळणालाच बसली, “तुम्ही व्हा पुढे,” म्हणाली. रात्री दोन उशा घेते. आपण म्हणालो, वय झालं. तिच्या छातीला कुणी स्टेथोस्कोप लावला का? दोन ठोक्यांच्या मधल्या शांततेत एखादी फुसफुस ऐकू येईल. डॉक्टर तिला मर्मर म्हणतात. प्रत्येक मर्मर आजाराचा नसतो. कोणता दरवाजा, किती अडलाय, ते इको केल्यावर दिसतं.

महादरवाजा अजून वर आहे. आज राहू दे. मावशी खाली बसलीय.