वादळाचा इशारा आणि डोंगरावरचे दर्शन

दर्शनाचा संकल्प करून घराबाहेर पडलेला भाविक संकटाची चाहूल लागताच पायथ्यावरून माघारी फिरला, तर त्याची श्रद्धा उणी पडली असे म्हणावे काय? प्रश्न जुनाच आहे. परंतु आज त्याला नवे रूप आले आहे. पूर्वी आभाळ भरून आल्यावरच वादळ कळत असे. आता शनिवार-रविवारच्या हवामानाचा अंदाज शुक्रवारीच हाती येतो. जे ठाऊक नव्हते, त्याबद्दल कोणी कोणास दोष देत नाही. पण जे ठाऊक झाले, त्याची जबाबदारी टाळता येत नाही.

स्थळ आणि ऋतू

वऱ्हाडच्या सपाट काळ्या मातीतून दक्षिणेकडे निघालेला अकोला-वाशीम मार्ग पातूर येथे डोंगराला भिडतो व पुढे घाट चढू लागतो. येथील टेकडीवर रेणुकामातेचे मंदिर आहे आणि गावाजवळच कातळात कोरलेली प्राचीन लेणी आहेत. सुट्टीचे दोन दिवस साधून येणारा भाविक दर्शनाबरोबरच डोंगरही पाहून जातो. या प्रदेशाचे हवामान टोकाचे आहे. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे जाणे नवे नाही. मे २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे अकोला जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. चैत्र-वैशाखात दुपारनंतर अवकाळी वादळे उठतात. शारदीय नवरात्र तर हस्त-चित्रा नक्षत्रांच्या सुमारास, म्हणजे पाऊस परतीच्या वाटेवर असताना येते. तेव्हा सकाळी लख्ख ऊन आणि दुपारी विजांचा कडकडाट असा अनुभव वऱ्हाडातील प्रत्येकास आहे. उघड्या माथ्यावर उभ्या असलेल्या माणसास विजेचा धोका मैदानातल्यापेक्षा अधिक, हे वेगळे सांगणे नको.

आधी जाणून घेणे ही अश्रद्धा नव्हे

पुढचे हवामान जाणून घेण्याची इच्छा म्हणजे देवावरचा अविश्वास, असे काहींना वाटते. आपल्या परंपरेने तसे कधी मानले नाही. पंचांगात पर्जन्यनक्षत्रे आणि त्यांची वाहने दिलेली असतात. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशीच्या पहाटे पावसापाण्याचे भाकीत ऐकण्यासाठी शेतकरी दुरून येतात. त्या भाकिताची पद्धत आणि आजच्या वेधशाळेची पद्धत यांत फार अंतर आहे. एकीचा आधार परंपरा, दुसरीचा मोजमाप. परंतु दोहोंमागील वृत्ती एकच आहे. येणाऱ्या काळास डोळे मिटून नव्हे, तयारीने सामोरे जावे, हीच ती वृत्ती. मृगाची वाट पाहून पेरणी करणाऱ्या शेतकऱ्यास कोणी नास्तिक म्हणत नाही. मग आभाळ पाहून पायरी चढणाऱ्यास का म्हणावे?

अंदाज चुकतो, हा आक्षेप

दुसरा आक्षेप असा की, हवामानाचे अंदाज खोटे ठरतात. हा आक्षेप पुष्कळदा अंदाजाची भाषा न समजल्यामुळे घेतला जातो. १८७५ साली स्थापन झालेला भारतीय हवामानशास्त्र विभाग विदर्भासाठी नागपूरच्या प्रादेशिक केंद्रातून जिल्हावार इशारे देतो. त्यांत हिरवा रंग म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे सतर्क राहा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे तत्काळ कृती करा. ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांचा अर्थ असा की, त्या विभागातील फार तर एकचतुर्थांश केंद्रांवर पाऊस पडेल. म्हणजे अकोला कोरडे राहिले आणि पातूरच्या डोंगरात धो धो कोसळला, तरी अंदाज खोटा ठरत नाही. ‘मुसळधार’ हाही केवळ अलंकार नव्हे. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर वा त्याहून अधिक पाऊस झाला, तर त्यास जोरदार पाऊस म्हणतात.

तरीही अंदाज ही शक्यता आहे, निश्चिती नव्हे. येथेच खरा विवेक लागतो. इशारा मिळूनही वादळ आले नाही, तर परतलेल्या भाविकाचा एक दिवस आणि प्रवासखर्च गेला. तो पुन्हा येऊ शकतो. इशारा न मानता वर गेला आणि वादळ आले, तर जे जाईल ते परत मिळणारे नाही. दोन चुकांचे मोल सारखे नसेल, तर दोन्हींकडे सारख्याच बेफिकिरीने पाहणे ही निर्भयता नव्हे.

जीव माझा, मग निर्णयही माझाच?

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘माझे प्राण देवीच्या हाती आहेत, तिच्या दारात काही झाले तरी मला चिंता नाही,’ असे एखादा निष्ठावंत म्हणतो. त्याच्या भावनेचा अनादर करण्याचे कारण नाही. परंतु डोंगरावर कोणीही एकटा नसतो. वडीलधाऱ्याने ‘चला’ म्हटले की सुना, नातवंडे निमूटपणे मागे चालू लागतात. कडेवरच्या लेकराने कोणताही नवस केलेला नसतो. कोणी घसरून पडला, तर त्यास आणावयास गावातील तरुण त्याच पावसात, त्याच निसरड्या वाटेने वर जातात. स्वतःचे प्राण अर्पण करण्याचा अधिकार क्षणभर मान्य केला, तरी दुसऱ्याचे प्राण पणास लावण्याचा अधिकार कोणत्याही भक्तीने मिळत नाही.

महाभारताच्या शांतिपर्वात ‘आपद्धर्म’ हा स्वतंत्र विषय आला आहे. संकटकाळी नित्याचे नियम सैल करावे लागतात, याची जाणीव आपल्या पूर्वजांना होती. नियम मोडणे वेगळे आणि परिस्थिती ओळखून त्यास मुरड घालणे वेगळे.

पारस येथील घटना

९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातीलच पारस येथे बाबूजी महाराज मंदिराच्या परिसरात रात्रीच्या वेळी वादळी पावसात टिनशेडवर जुने कडुनिंबाचे झाड कोसळले. शेडखाली आश्रयास उभे राहिलेल्या भाविकांपैकी सात जण मृत्युमुखी पडले आणि अनेक जखमी झाले. या घटनेतून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की, मृतांच्या श्रद्धेत काही उणे होते वा त्यांच्यावर देवाचा कोप झाला, असे बोलणे निष्ठुरपणाचे आहे. वारा आणि वीज भाविक व अभाविक असा भेद करीत नाहीत. दुसरी अशी की, आडोसा दिसतो तो प्रत्येक वेळी आसरा नसतो. जुनाट वृक्षाखालची जागा उन्हात माउलीसारखी असते. वादळात तीच घातक ठरते.

दुरून आलेली म्हातारी

तथापि एक प्रसंग असा आहे की, जेथे वरील सर्व तर्क तोकडे पडतात. दूरच्या गावाहून एखादी वृद्धा आयुष्यात एकदाच येते. ‘पुन्हा या,’ हे शब्द तिच्यासाठी पोकळ असतात, कारण पुढच्या नवरात्रीची तिला शाश्वती नाही. तिला पायथ्याशी थांबविणे न्याय्य आहे काय?

तिचे दुःख खरे आहे आणि कोणत्याही युक्तिवादाने ते पुसले जात नाही. तिला उपदेश करण्यापेक्षा तिच्याजवळ बसावे, ढग सरेपर्यंत सोबत करावी. पुष्कळदा तास-दोन तासांत आभाळ मोकळे होते. नाहीच झाले, तर परंपरेनेच तिच्यासाठी एक वाट ठेवली आहे. आषाढी एकादशीस पंढरपुरात असंख्य वारकरी गर्दीमुळे गाभाऱ्यापर्यंत पोहोचत नाहीत. ते कळसाचे दर्शन घेऊन कृतार्थ मनाने परततात. २०२० साली महामारीमुळे पायी वारी होऊ शकली नाही, तेव्हा संतांच्या पादुका एस. टी. बसने पंढरीस गेल्या. वारीचा प्रकार बदलला, वारी खंडित झाली नाही. अमरनाथाच्या यात्रेत ऑगस्ट १९९६ मध्ये हिमवृष्टीत सापडून दोनशेहून अधिक यात्रेकरू दगावले. त्यानंतर नेमलेल्या समितीने यात्रेकरूंच्या संख्येवर मर्यादा सुचविली आणि आज हवामान बिघडले की यात्रा काही काळ थांबविली जाते. त्यामुळे त्या क्षेत्राचे माहात्म्य तसूभरही कमी झालेले नाही.

जी देवी डोंगराच्या माथ्यावर आहे, ती पायथ्याशी हात जोडणाऱ्यास दिसत नाही असे मानणे, हीच खरी अश्रद्धा होय.

भाविकांनी ध्यानी ठेवावे

निघण्याच्या आदल्या दिवशी जिल्ह्याचा इशारा पाहावा आणि चढण्यापूर्वी पुढील तीन तासांचा तातडीचा इशाराही पाहावा. पिवळ्या रंगाने घाबरून यात्रा रद्द करण्याचे कारण नाही. सकाळी लवकर चढून दुपारपूर्वी उतरणे बहुधा पुरेसे असते. नारिंगी वा लाल इशारा असल्यास लहान मुले व वृद्ध यांना वर नेऊ नये. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावे. तीन सेकंदांस सुमारे एक किलोमीटर अंतर धरावे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. एकाकी झाड, विजेचा खांब व उघडा माथा टाळावा.

संकल्प करताना ‘यथाशक्ती’ हा शब्द उच्चारण्याची आपली प्रथा आहे. त्या एका शब्दात मनुष्याच्या मर्यादेची कबुली आणि देवाच्या क्षमेवरील विश्वास दोन्ही सामावले आहेत. घरून निघालेला प्रत्येक जण दर्शन घेऊन सुखरूप घरी पोहोचावा, यातच यात्रेची सांगता आहे. माता रेणुका सर्वांची वाट निर्विघ्न करो, हीच प्रार्थना.