भिंतीवरील प्रकाशरेषा

यहेज्केल संदेष्ट्यास देवाने पहारेकऱ्याचे काम सोपविले होते. संकट येताना पाहून ज्याने कर्णा फुंकिला नाही, त्यास लोकांच्या नाशाचा जाब द्यावा लागे. असाच एक मुका पहारेकरी स्कॉटलंडच्या पश्चिमेस, नॉर्थ यूइस्ट बेटावरील लॉकमॅडी गावी २०१८ साली उभा राहिला. पेक्का निट्टीविर्ता व टिमो आहो या फिनलंडच्या कलावंतांनी तेथील समुद्रकाठच्या वस्तुसंग्रहालयाच्या भिंतींवर व सभोवार पांढऱ्या दिव्यांच्या रेषा बसविल्या. भरती आली म्हणजे त्या आपोआप उजळत, आणि पुढे समुद्र चढल्यावर वादळी भरतीचे पाणी कोठवर पोहोचेल ते दाखवीत.

पेण-अलिबागच्या खारेपाटातील वाचकांस हे परके वाटू नये. येथे बांध आहे म्हणून शेत आहे. उधाणाला बांधास खांड पडली, की खारे पाणी भातखाचरांत शिरून जमीन नापीक करिते. १९०१ पासून २०१८ पर्यंत जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक वीत, वर आली. अलीकडे तर ती अधिक वेगाने चढत आहे. कोळसा व खनिज तेल जाळल्याने पृथ्वी तापते, तापलेले पाणी फुगते, आणि जमिनीवरील बर्फ वितळून समुद्रास मिळते. बांधाची उंची मात्र कोणी माती घातल्यावाचून वाढत नाही.

मंडळीत कित्येक म्हणतात, पुन्हा जलप्रलयाने सर्व पृथ्वीचा नाश करणार नाही असे वचन देवाने नोहास दिले आहे. मग चिंता कशाला? आमच्या मते हा वचनाचा दुरुपयोग होय. मंदिराच्या शिखरावर सैतानानेही शास्त्रच पुढे केले होते! ते वचन तुमच्या खाचराविषयी किंवा शेजारणीच्या घराविषयी नाही. शिवाय हे पाणी मनुष्यांच्या धुरामुळे चढत आहे, आणि ज्यांनी फार धूर केला ते बहुतेक दूर सुखात आहेत. चार लाकडांवर भात शिजविणारी बाई उधाणाच्या तोंडी आहे. आमोस संदेष्टा आज असता, तर यावर गप्प बसला नसता.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. आगाऊ सूचना मिळाल्यामुळे हजारो लोकांस सुरक्षित जागी नेता आले. मुरूड-श्रीवर्धनकडील नारळी-पोफळी मात्र काही तासांत आडव्या झाल्या. वादळाचा कर्णा सर्वांस ऐकू येतो. वर्षास काही मिलिमीटरच चढणाऱ्या समुद्राचा कोणास ऐकू येणार?

म्हणून उपदेशकांस आमची विनंती आहे. प्रत्येक मोठ्या उधाणाला पाणी बांधावर जेथवर आले तेथे खुंटी ठोका, उघाडीच्या भिंतीवर रेघ ओढा, आणि तारीख लिहा. खेकड्यांची बिळे पावसाळ्यापूर्वी बुजवा. बांधाबाहेरील तिवरे सरपणासाठी तोडू देऊ नका. लाटांचा पहिला मारा तीच झेलतात. शेजारी कोणत्या देवाचा हे न विचारता त्याच्या वाट्याच्या बांधावरही माती टाका, कारण खांड कोणाच्याही हद्दीत पडली तरी पाणी सर्वांच्या शेतांत येते. मग सर्व गावाच्या सह्यांनी खारभूमी विभागाकडे अर्ज करा, आणि त्यासोबत त्या रेघांच्या तारखा जोडा.