अजिंठ्याच्या प्रतिकृती
मूळ चित्र समोर ठेवून ते रेषेबरहुकूम पुन्हा रंगवणे, म्हणजेच प्रतिकृती करणे, ही तैलरंग शिकण्याची जुनी वाट असून, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात पेस्तनजी बोमनजी आदी विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याची भित्तिचित्रे कॅनव्हासवर उतरवून घेतली, तेव्हा तिची खरी कसोटी लागली. अजिंठ्याचे रंग कोरड्या गिलाव्यावरचे, तर तैलरंग जवसाच्या तेलात घोटलेले व सावकाश वाळणारे. त्यामुळे बोधिसत्त्वाच्या भुवईची रेषा उचलता आली, तरी भिंतीचा मंद कोरडेपणा तेलाच्या चकाकीत आणणे अवघडच होते. त्यांतील बऱ्याच प्रतिकृती पुढे लंडनमध्ये आगीत नष्ट झाल्या. सिल्वासाच्या परिसरातील वारली घरांतही चित्रकला पाहूनच शिकली जाते. मात्र तिथे तांदळाच्या पिठाने काढलेल्या दोन त्रिकोणांत माणूस उभा राहतो, आणि छायाप्रकाशाचा, म्हणजे उजेड-सावलीतून गोलाई दाखवण्याचा, प्रश्नच उद्भवत नाही.