सोडून जाणाऱ्याला काय म्हणावे?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तजयंती आली की घरोघरी दत्तप्रभूंची तसबीर पुसली जाते, नवा हार चढतो. तीन मुखे, सहा हात, पाठीशी गाय आणि पायाशी चार श्वान. गाय म्हणजे पृथ्वी आणि श्वान म्हणजे चार वेद, हा अर्थ आपण लहानपणापासून ऐकत आलो. अर्थ खराच आहे. पण वेद दाखवायला देवाने पायाशी पोथ्या न ठेवता कुत्री ठेवली, यातही आपल्याला काही सांगणे असेलच की!

म्हणूनच की काय, नको झालेले जनावर माणसे देवळाच्या आसपास आणून सोडतात. कोणी भाकड गाय सोडतो, कोणी पोत्यात घालून पिल्ले ठेवतो. "देवाच्या दारी उपाशी तर मरणार नाही," एवढे मनाशी म्हणतो आणि मागे न बघता निघून जातो. सकाळी काकडआरतीला येणाऱ्याच्या ते नजरेस पडते आणि तोंडून पहिले वाक्य निघते, "कुठल्या मेल्यानं टाकली ही?" गोशाळा, पांजरपोळ, कुत्र्यांचे निवारे यांच्या फलकांवर आणि मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांतही पुष्कळदा हाच सूर असतो. निर्दयी मालकाने मुक्या जिवाला रस्त्यावर फेकले, सढळ हाताने मदत करा. मदत येतेही. पण जनावराला आसरा देणाऱ्याने ते सोडून जाणाऱ्याविषयी गावाशी असे बोलावे का?

कोणी म्हणेल, का बोलू नये? आयुष्यभर दूध दिले, नांगर ओढला, रात्र-रात्र दार राखले, आणि थकल्यावर हाकलून दिले. याला पाप नाही तर काय म्हणायचे? म्हणणे खोटे नाही. कायद्यानेही हा गुन्हाच आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, जनावर उपाशी-तहानेले तडफडेल अशा स्थितीत सोडून देणाऱ्याला दंड सांगितला आहे, पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये. दंड कमी आहे हे कोणीही सांगेल. पण त्या कलमातले दोन शब्द आपण विसरतो, 'सबळ कारणाशिवाय'. म्हणजे कायदासुद्धा शिक्षेआधी थांबून कारण विचारतो. फलक मात्र विचारत नाही.

आपल्या शेवगाव-पाथर्डी भागात कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. पाऊस दगा देतो, कडबा महागतो. ट्रॅक्टर आला, तसे बैलाचे काम घटले. मार्च २०१५ पासून राज्यात गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. गोवंश वाचावा ही श्रद्धा आपलीही आहे. पण थकलेल्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक उरले नाही आणि त्याचा चारा त्याच कुणब्याच्या दावणीला राहिला, हेही खरे आहे. दुसरीकडे मुले पुण्या-मुंबईला, आणि घरी म्हातारा-म्हातारी व एक कुत्रा. म्हातारा दवाखान्यात गेला की त्या कुत्र्याने कोणाच्या तोंडाकडे बघायचे? आणि हौसेने महागडे पिल्लू आणून, त्याला खरूज झाली की हमरस्त्याला सोडणाराही आहेच. या तिघांचा दोष एकसारखा आहे का? फलकावर मात्र तिघेही 'निर्दयी'.

२०१३ आणि २०१९ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यात चारा छावण्या लागल्या, त्या अनेकांनी पाहिल्या आहेत. माणसे घरदार मागे ठेवून महिनोन्महिने जनावरांशेजारी झापाखाली राहिली. त्यांतलीच कितीतरी माणसे चारा मिळाला नसता तर दावे सोडून मोकळी झाली असती. तेव्हा कोणी त्यांना निर्दयी म्हटले नाही, कारण छावणीने जनावराला आणि धन्याला एकत्र आसरा दिला होता. माणूस तोच आणि माया तीच. वैरण मिळाली म्हणून माया टिकून राहिली.

श्रीगुरुचरित्रातली वांझ म्हशीची कथा आठवा. गाणगापुरातल्या त्या दरिद्री ब्राह्मणाघरी म्हातारी, वांझ म्हैस होती. माती वाहण्यासाठी ती भाड्याने जाई. श्रीगुरूंनी त्या घराला भूतदयेवर प्रवचन दिले नाही. त्याच म्हशीच्या दुधाची भिक्षा मागितली, आणि ती दुभती झाली. आपल्या हाती असा चमत्कार नाही. पण ज्याला जनावर जड झाले त्याला ते ठेवण्याचे बळ द्यायचे, ही रीत तर आपल्या हाती आहे.

पैठण आपल्याला दूर नाही. नाथमहाराजांनी रामेश्वराला निघालेले कावडीतले गंगाजल तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात घातले. हे गाढव कोणाचे, कोणी सोडले, याची चौकशी आधी केली नाही. मुंबईचा पांजरपोळही असाच उभा राहिला. सरकारने बेवारस कुत्री मारण्याचा हुकूम काढल्यावर १८३२ मध्ये तिथे दंगा झाला. मग १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने पांजरपोळ निघाला. तो जिवांना वाचवण्यासाठी निघाला, त्यांच्या धन्यांचा निवाडा करण्यासाठी नव्हे.

व्यवहाराने पाहिले तरी हेच दिसते. शिव्यांचा फलक वाचून कोण घाबरतो? ज्याला थोडी तरी लाज आहे तो. निर्लज्ज माणूस फलक वाचतच नाही. मग लाजणारा रात्री येतो, तोंड लपवून सोडून जातो. जनावराचे वय काय, आजार कोणता, लस टोचली का, कोणत्या नावाने हाक मारली की ते वळते, हे सारे त्याच्याबरोबर अंधारात जाते. तोच दिवसा आला असता तर दोन महिन्यांच्या वैरणीची सोय, कुत्रीची नसबंदी, किंवा दुसरे चांगले घर, असा काही मार्ग निघाला असता.

मग दोष झाकायचा का? मुळीच नाही. मारझोड केली, मुद्दाम उपाशी ठेवले, तर रीतसर तक्रार करावी. पण ज्याला आपण पाहिले नाही त्याला निर्दयी म्हणणे हा अंदाज आहे, आणि अंदाज सत्य म्हणून सांगणे हे असत्यच. अशा शब्दांवर मिळालेली देणगी एका अनोळखी माणसाच्या बदनामीवर मिळालेली असते. गायीच्या गव्हाणीत ती वैरण होऊन पडली तरी तिचा तो डाग जात नाही.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. त्यांत कपोतही आहे. पिलांच्या मोहाने तो जाळ्यात पडला. अवधूतांनी त्याची चूक स्पष्ट सांगितली, पण त्याची निंदा केली नाही. उलट त्यालाच गुरू म्हटले. दोष सांगावा तो असा. 'त्याने असे केले' एवढ्यावर न थांबता 'माझ्यावर ती वेळ आली तर मी काय करीन' इथपर्यंत तो विचार यावा.

तेव्हा भक्तजनहो, आपल्या देवळाशी वा गोशाळेशी फलक लावायचा झाला तर कोणालाही शिवी न देणारे एक साधे वाक्य पुरे आहे: 'जनावर सांभाळणे जड जात असेल तर दिवसा या, बसा, बोलू, मग ठरवू.' आणि कोणी खरोखरच आला, तर आधी त्याच्या जनावरापुढे पाणी ठेवावे, मग त्यालाही तांब्याभर द्यावे.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥